वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात कोकणातून सायकलने, दोघांनी

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि तिथून फेरीबोटीने जयगड करत गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किनारी रस्त्याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. बहुतेकांना जायचंय ते एप्रिल-मे महिन्यात, कारण सुट्टी तेव्हाच असते. आमचं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मे महिन्यातच जाणार असाल, तर पुढची उत्तरं वाचून जा.

प्रश्न : मी आणि माझा मित्र, दोघंही चाळिशीतले. रविवारी ८० किलोमीटर आरामात करतो. गुहागर ते गणपतीपुळे जेमतेम ६५-७० किलोमीटर. सकाळी आठला निघून दुपारी दोनपर्यंत पोचू ना? — एक वाचक, डोंबिवली

पोचालही, पण तुमची ही वेळच चुकीची आहे. या रस्त्यावर प्रत्येक गाव समुद्राच्या किंवा खाडीच्या पातळीवर आहे आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा. म्हणजे गाव सोडलं की चढ, वर उघडं माळरान आणि पुढच्या गावात खाली उतार. चढ उंचीने मोठे नाहीत, शे-दीडशे मीटरचे. पण तीव्र आहेत. सामान लादलेली सायकल तिथे ताशी सात-आठ किलोमीटरने चालते. इतक्या कमी वेगात अंगाला वारा लागत नाही, आणि सड्यावर सावलीही नसते. ऊन वरून लागतं, तापलेला कातळ आणि डांबर खालून.

किनाऱ्यावर पारा ३३-३४ च्या वर सहसा जात नाही, म्हणून लोक फसतात. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो. पाणी जातं, मीठ जातं आणि थंडावा मात्र मिळत नाही. म्हणून इथे अंतराचा हिशोब बाजूला ठेवायचा आणि घड्याळाचा मांडायचा.

मे महिन्याच्या मध्यावर सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, सूर्यास्त सातच्या सुमारास. पहाटे साडेपाचला पुढचा-मागचा दिवा लावून निघा. पालशेतच्या पुढचा चढ ऊन चढण्याआधी संपला पाहिजे. पावणेआठपर्यंत वेळणेश्वर, तिथे नाश्ता. नऊच्या आसपास हेदवी. साडेदहाच्या आत तवसाळची जेट्टी. फेरीबोटीत सायकली चढवायला अडचण येत नाही. पण फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर जेट्टीवर उन्हात उभं राहावं लागतं आणि सकाळची सगळी कमाई तिथे वाया जाते. अकरा-सव्वाअकराला जयगडात उतरलात की थांबा. जेवण, झोप, सावली. चारच्या आधी सायकलीला हात लावायचा नाही. उरलेले वीसेक किलोमीटर मालगुंडवरून संध्याकाळी सहज होतात, आणि केशवसुतांचं जन्मगाव म्हणून मालगुंडला थोडं थांबायलाही वेळ उरतो.

हेदवीलाच पावणेदहा वाजले, तर पुढे रेटू नका. दुपार तिथेच काढा, संध्याकाळच्या बोटीने जयगड गाठा आणि मुक्काम तिथे करा. गणपतीपुळ्याचं आरक्षण वाया जाईल म्हणून सड्यावर बारा वाजता सायकल ढकलणारे दरवर्षी दिसतात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, हीच बरी. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीशी किंवा उजव्या खांद्यावर येतो. मात्र त्यात एक मेख आहे. पाठीचा वारा आणि तुमचा वेग सारखा झाला की अंगाला वारा लागतच नाही. संध्याकाळी चारनंतरही चढावर जीव घाबरा होतो, त्याचं कारण बहुधा हेच.

प्रश्न : आम्ही ४४ अंशांत सायकलने कामावर जातो. कोकणातल्या ३४ अंशांचा एवढा बाऊ कशाला? — एक वाचक, नागपूर

तुमच्याकडे हवा कोरडी. घाम आला की लगेच सुकतो आणि अंग थंड होतं. तुमचा धोका वेगळा आहे. घाम दिसतच नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की समजायचं. शिवाय हवा कातडीपेक्षा गरम, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर असेल, तर वारा थंडावा देण्याऐवजी अंग तापवतो. म्हणून डोक्याला-तोंडाला दुपट्टा आणि पूर्ण बाह्या हे विदर्भातलं शहाणपण तिथे अगदी बरोबर आहे. कोकणात तोच जाड दुपट्टा ओला होऊन अंगाला चिकटतो. तिथे पातळ, सैल, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या आणि मानेवर फडक्याचा एक पदर.

बाटलीवर ओला मोजा चढवून पाणी गार ठेवायची तुमच्याकडची युक्ती नागपुरात उत्तम चालते, रत्नागिरीत जवळजवळ नाही. कारण तेच, सुकणं. कोकणात त्याऐवजी रात्री एक बाटली अर्धी भरून आडवी गोठवा आणि निघताना वरून पाणी भरा. ती प्यायला शेवटी काढायची.

प्रश्न : पाणी किती आणि त्यात काय घालावं? मित्र म्हणतो फक्त शहाळं पुरे. मी पाकिटातलं ओआरएस घेतो. कोणाचं खरं? — एक वाचक, पुणे

दोघांचं अर्धं-अर्धं. आधी स्वतःचा घाम मोजा. घरच्या रस्त्यावर, उन्हात, तासभर चालवायचं. आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. मधल्या वेळात काही प्यायलं नसेल तर जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर घाम. दमट उन्हात पाऊण ते दीड लिटर तासाला हा आकडा नेहमीचा आहे. दोन मित्रांत दुपटीचा फरक असू शकतो, म्हणून एकमेकांच्या बाटलीकडे बघून प्यायचं नाही. गेलेला सगळा घाम चालवताना भरून काढायचा प्रयत्नही करू नका, पोटात डुचमळतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी चार घोट, बाकीचं दुपारच्या विसाव्यात. निघताना प्रत्येकाकडे अडीच लिटर हवंच. सड्यावर दुकान मिळेल असं धरून चालू नका.

आता मीठ. एक लिटर घामाबरोबर साधारण अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं याहून जास्त. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पितात आणि प्रकरण बिघडतं. वारंवार लघवीला होतेय, ती पाण्यासारखी स्वच्छ आहे आणि तरी डोकं दुखतंय, असं असेल तर पाणी थांबवा आणि खारट काहीतरी खा.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने कमी. म्हणून शहाळं प्या, पण सोबत खारे शेंगदाणे खा किंवा त्यात चिमूटभर मीठ टाका. चव थोडी बिघडते, चालतं.

ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा. एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्येच विरघळवा. अर्धं पाकीट ‘अंदाजाने’ अर्ध्या बाटलीत टाकणं ही नेहमीची चूक, कारण पाकिटात क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. दिवसभर मात्र हेच प्यायची गरज नाही. हे औषध आहे. दुपारच्या विसाव्यात एक लिटर ठीक.

चालवताना घरचं पेय चांगलं. एक लिटर पाण्यात सपाट पाव चमचा मीठ आणि सपाट सहा चमचे साखर (चमचा ५ मिलीचा), वर लिंबू. कोकणात असाल तर याहून सोपं : कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस. आगळात मीठ असतंच. त्यामुळे वेगळं मीठ न घालता पाणी आणि साखर घाला, आणि खारटपणा चवीने ठरवा. अमृत कोकम गोड असतं, त्यात मीठ आपलं आपण घालायचं. दोन्हींत गल्लत झाली तर बाटली एक तर समुद्राच्या पाण्यासारखी लागेल नाहीतर नुसतं सरबत होईल.

दुपारी माशांचं भरलेलं ताट खुणावतं. ते रात्री खा. दुपारी मीठ घातलेली पेज, लोणचं, थोडा भात-ताक. पोटाला हलकं आणि घामातून गेलेलं बरंचसं परत. चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. आंबापोळी, सुकेळी, राजगिऱ्याची चिक्की उत्तम. चॉकलेट नको, दहा वाजेपर्यंत त्याचं पाणी होतं.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी असं सायकल दुकानदार सांगतात. किती कमी? — एक वाचक, सातारा

कमी करूच नका. हिशोब करून बघा. सकाळी २७ अंशांना ६० पीएसआय भरलं आणि दुपारी टायरमधली हवा ४७ अंशांना गेली, तरी दाब वाढून ६५ च्या आसपास होतो. धडधाकट टायरला पाच पीएसआय काहीच नाही. उलट हवा कमी ठेवून सामानासह खड्ड्यात गेलात की ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. उन्हाळ्यातली कितीतरी पंक्चरं हवा सोडल्यामुळे होतात. ३२ ते ३५ मिमी रुंद टायर आणि मागे सामान असेल तर मागे ६०, पुढे ५० ते ५५ ठीक. टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका.

मग टायर फुटतात ते का? एक, बाजूची भिंत विरलेली असते, धागे दिसत असतात. दोन, ट्यूब बसवताना टायरच्या कडेखाली अडकलेली असते. तीन, लांब उतारावर रिमचे ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते. हा ताप उन्हापेक्षा कितीतरी जास्त. खाडीकडे उतरताना ब्रेक आलटून पालटून, दाबा-सोडा असे वापरा. आणि चौथं, जे फार थोडे लोक तपासतात : रिमच्या आतली प्लास्टिकची पट्टी. उष्णतेने ती मऊ पडते, आऱ्यांच्या भोकावर खचते आणि ट्यूब त्या भोकात फुगते. पंक्चर ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे आऱ्यांकडे, असेल तर रस्त्यावर काचेचा तुकडा शोधत बसू नका. कापडी पट्टी लावा. ती नसेल तर चिकटपट्टीचे दोन वेढे तेवढ्यापुरते चालतात.

प्रश्न : पॅच लावतो, तासाभरात सुटतो. सोल्युशन खराब की उन्हाचा दोष? — एक वाचक, सांगली

बहुधा घाई आणि घाम. ट्यूब पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठ्या गोलात घासा, चमक जाईपर्यंत. सोल्युशन पातळ लावा आणि पाच मिनिटं थांबा; बोटाला चिकट लागलं पाहिजे, ओलं नाही. ओल्यावरच पॅच दाबला तर आतलं द्रावण वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि गरम टायरमध्ये पॅच उचलला जातो. हे सगळं करताना कपाळावरचा घाम टपकून घासलेल्या जागेवर पडतो, बोटांना सनस्क्रीन असतं. म्हणून सावलीत बसा, हात साबणाने धुवा, कपाळाला फडकं बांधा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की उन्हाळ्यात लवकर सुकते. जाताना नवी, न फोडलेली घ्या. सोल्युशनशिवाय चिकटणारे तयार पॅच या उष्णतेत मुक्कामापर्यंत नेतील, पुढचा भरवसा नको. खरं तर रस्त्यावर पॅच लावूच नका. प्रत्येकी दोन ट्यूब न्या, ट्यूब बदला आणि पॅचचं काम संध्याकाळी करा. दोघांच्या सायकलींचे व्हॉल्व वेगळे असतील तर बारीक व्हॉल्ववर बसणारी पितळी टोपी बरोबर ठेवा. गावातल्या गॅरेजात मोटारसायकलचाच पंप असतो.

प्रश्न : माझा मित्र माझ्यापेक्षा बराच वेगवान आहे. तो पुढे जाऊन थांबतो, मी पोचले की लगेच निघतो. मी दिवसभर धापा टाकते. त्याला काय सांगू? — एक वाचक, मडगाव

हेच उत्तर वाचायला द्या. तो थांबतो तेव्हा त्याची विश्रांती होते, तुमची कधीच होत नाही. थंड हवेत हे नुसतं वैतागवाणं असतं, उन्हात धोक्याचं.

हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं. कारण शिष्टाचाराचं नाही. मागे चिकटून चालणाऱ्याला वारा कमी लागतो. एरवी तो फायदा, दमट उन्हात तोटा. जो आधीच जास्त तापलाय त्याला पुढचा मोकळा वारा द्या. वेग असा हवा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. चढावर तुटायला लागलं तर उतरून ढकला. ढकलण्यात कमीपणा नाही. ताशी पाचने पेडल मारण्यापेक्षा ताशी चारने ढकलणं अंगाला स्वस्त पडतं. सामान ताकदीप्रमाणे वाटा : तंबू, हत्यारं, कुलूप, जास्तीचं पाणी त्याच्याकडे. पाच किलो इकडून तिकडे गेले की चढावरचा फरक बराच मिटतो. तुमच्या सायकलीला पुढे ३० ते ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे ३४ दात्यांचं मोठं चाक आहे ना, तेही बघा.

भेटायची जागा चढाच्या माथ्यावर कधीच ठरवू नका, तिथे उघडा सडा असतो. माथ्यानंतरच्या पहिल्या सावलीत भेटा. अर्ध्या तासाला पाच मिनिटं थांबायचं आणि ती पाच मिनिटं मागून येणारी व्यक्ती टेकल्यापासून मोजायची. पाणी, पैसे आणि एक ट्यूब मात्र प्रत्येकाकडे स्वतःची हवी. पंप-पाने असलेला मित्र वळणापलीकडे गेला तर त्यांचा उपयोग शून्य. मोबाइल हॅंडलवर उन्हात ठेवलात तर तापून बंद पडतो, त्यामुळे फोन करून बोलावता येईल हेही गृहीत धरू नका.

प्रश्न : सोबत्याला ऊन लागलं हे कधी ओळखायचं आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? — एक वाचक, ठाणे

ज्याला ऊन लागतं त्याला ते स्वतःला कळतंच असं नाही, म्हणून दोघं असणं मोलाचं. पहिली खूण म्हणजे बडबड्या माणूस गप्प होतो. मग सायकल वेडीवाकडी जाते, गिअर चुकतात, उत्तरं उशिरा येतात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांत गोळे, थंड ओलं अंग, पण शुद्ध साफ, हा थकवा. सावलीत झोपवा, पाय उंच करा, हेल्मेट-बूट काढा, मानेवर-डोक्यावर पाणी ओता, घोट घोट खारट-गोड पेय द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना. उतार पडला तरी त्या दिवशी पुढे सायकल नाही, टेम्पो किंवा एसटी.

बरळणं, भांडणं, आपण कुठे आहोत ते न सांगता येणं, झटके, शुद्ध हरपणं यांतलं एकही दिसलं तर तो उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हा समज विसरा. कष्टाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. १०८ ला फोन करा आणि लगेच गार करायला लागा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. जवळच्या वाडीतली विहीर, नळ, बादली, काहीही. कपडे काढून सतत पाणी ओता आणि ताटाने, पुठ्ठ्याने वारा घाला. दमट हवेत नुसतं ओलं फडकं टाकून ठेवलं तर ते गरम होतं, ते दर मिनिटाला बदला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप तसला नाही. कांदा चोळण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : मी १० मे रोजी भारतात येतोय आणि १३ ला भावाबरोबर निघणार आहे. इथे सायकल नियमित चालवतो. चालेल? — एक वाचक, लीड्स, ब्रिटन

तीन दिवसांत शरीर उन्हाला सरावत नाही. त्यासाठी रोज तास-दीड तास उन्हात हालचाल करत ७ ते १४ दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. तिथला सराव पायांचा आहे, घामाचा नाही. २० मे नंतर निघा, किंवा पहिले दोन दिवस फक्त सकाळी नऊपर्यंत चालवा. आल्याआल्या वातानुकूलित खोलीत आठवडा काढलात तर मात्र २० तारखेचाही उपयोग नाही.

प्रश्न : जांघेत खरचटतं. पावडर लावावी का? — एक वाचक, चिपळूण

पावडर घामाने लगदा होते आणि तोच लगदा घासतो. पेट्रोलियम जेली लावा. गादीच्या सायकल-चड्डीखाली सुती अंतर्वस्त्र घालू नका. त्याची ओली शिवणच कापते. दुपारच्या विसाव्यात ती चड्डी काढा, अंग धुवून कोरडं करा आणि चारला दुसरी, सुकी घाला. सकाळची धुवून सामानावर बांधलीत तर कोकणात सुकायला रात्र उजाडेल, म्हणून दोन नव्हे तीन जोड न्या. रात्री सायकलीवरूनही गोड्या पाण्याचा ओला फडका फिरवा, विशेषतः हॅंडलखालच्या नटबोल्टांवर. घाम आणि खारी हवा त्यांना दोन दिवसांत गंजवते. चेन पुसून तेल रात्रीच द्या. पहाटे दिलेलं तेल आत मुरायच्या आधी सड्यावरची लाल धूळ धरून बसतं.